शंभर मैलांचा वसा

मस्कतमधल्या मराठी माणसाला ‘इथे काय चांगलं मिळतं हो?’ असं विचारून बघा. तो एका दमात सांगेल : लासलगावचा कांदा चांगला मिळतो, मार्च उजाडला की देवगड हापूस मिळतो, सांगलीची हळद बारा महिने मिळते, आणि अल खुवैरच्या एका दुकानात वेळेवर पोचलात तर अळूची पानंही मिळतात, सकाळीच विमानातून उतरलेली. ‘आणि ओमानचं असं काही?’ असं पुढे विचारलंत, तर तो थोडा विचार करेल आणि म्हणेल, ‘पेट्रोल.’

अशा ह्या आमच्या गोतावळ्यात पुण्याहून एक तरुण जोडपं नव्यानं दाखल झालं आणि कोजागिरीच्या दुधाचे पेले सगळ्यांच्या हातात असताना त्यांनी एक कल्पना मांडली. 2005 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अलिसा स्मिथ आणि जे. बी. मॅकिनन ह्या दोघांनी वर्षभर घरापासून शंभर मैलांच्या आत पिकलेलंच खायचं ठरवलं होतं. त्यावर त्यांचं पुस्तक निघालं, गावोगावी लोकांनी तसं करून पाहिलं. आपणही एक महिना करू या, इथल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, असं त्या दोघांचं म्हणणं.

हे लोकांच्या गळी उतरवायला बरीच खटपट करावी लागेल, अशा तयारीनं ती दोघं आली होती. लॅपटॉपसुद्धा आणला होता. पण मराठी बायकांना नेम समजावून सांगावा लागत नाही. सोळा सोमवार आहेत, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद आहे, कुणाचा गुरुवार अळणी आहे. ताटातून काहीतरी वगळून दाखवण्यात आपल्या कैक पिढ्या तयार झालेल्या. लॅपटॉप उघडायच्या आत प्रश्न सुरू झाले. मीठ चालतं का? आधीपासून घरात असलेलं चालतं का? कुणी जेवायला बोलावलं तर मोडतो का? आणि एका काकूंनी अगदी मुद्द्याचं विचारलं, ‘उद्यापन कधी?’

मग नकाशा आला. मस्कत मध्यभागी धरून एकशेसाठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. निम्मं वर्तुळ समुद्रात पडलं. उरलेल्यातला मोठा भाग हजर पर्वतात गेला, तिथे दगड उत्तम पिकतो. हाती राहिली ती सीब-बर्कापासून पुढे जाणारी बातिनाची किनारपट्टी आणि डोंगरापलीकडचं निझवा. सोहार रेषेबाहेर. सलाला तर हजार किलोमीटरवर. तिथे पावसाळ्यात आपलेच नैऋत्येचे वारे धुकं आणि भुरभुर घेऊन येतात. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया टांगलेल्या असतात आणि चक्क विड्याची पानं पिकतात. कोकणातला माणूस तिथे गेला की गाडीतून उतरतो आणि काही वेळ कुणाशी बोलत नाही. पण नेमाच्या हिशेबानं सलाला बाद. सलालापेक्षा इराणचा किनारा आम्हांला कितीतरी जवळ.

पुढची यादी भराभर झाली. तांदूळ बाद. तूरडाळ बाद. साखर बाद. गहू आतल्या भागात थोडाफार होतो, पण तो आपल्या पोळपाटापर्यंत पोचत नाही. चहा बाद, म्हटल्यावर निम्मं मंडळही बाद झालं. मस्कतला वर्षभरात पाऊस पडतो सुमारे शंभर मिलिमीटर, आंबोलीत तेवढा एका दुपारी पडून जातो. बारमाही नदी अख्ख्या देशात एक नाही. एवढ्या भांडवलावर देश काय काय पिकवणार? मीठ तेवढं वर्तुळात सापडलं, कुरियातच्या मिठागरांतलं. शिवाय खजूर, मासे, बकरा, भाजी आणि लिंबू. लिंबूही बेताचंच, एके काळी बातिनातल्या बागांमधलं वाळवलेलं काळं लिंबू बाहेरदेशी जायचं, पण सत्तरच्या दशकात झाडांना रोग लागला आणि बागाच्या बागा वाळून गेल्या. पुण्याचा तरुण यादीकडे बघून म्हणाला, ‘तसं पौष्टिक आहे.’ त्याची बायको काही बोलली नाही.

ह्या सगळ्यात खुशीत होती ती आमची मालवणची मैत्रीण. ‘मी तर जन्मापासून स्थानिकच खाते, समुद्र एकच आहे,’ असं तिचं तत्त्वज्ञान. मत्र्याच्या मासळीबाजारात ती गेली की विक्रेते आधी सावध होतात, मग नाइलाजानं खरं बोलायला लागतात. सुरमईला इथे कनद म्हणतात. तिचे कल्ले उघडून बघणं, बोटानं दाबणं, ‘ही कालची’ असं ओमानी म्हाताऱ्याला मराठीत ऐकवणं आणि त्यानं ते समजून मान खाली घालणं, हा सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. कापणारे निराळ्या ओट्यावर बसतात, त्यांचे पैसे निराळे. तिथेही ती उभी असते. तुकडी किती जाड हवी ते ती बोटांच्या चिमटीत दाखवते आणि सुरी चिमटीबाहेर गेली तर बांगलादेशी कापणाऱ्याचं काही खरं नसतं.

सुरमईच्या बाबतीत ओमान सरकारनं आम्हां मराठी लोकांवर एक उपकार केलेला आहे. विणीच्या हंगामासाठी 15 ऑगस्टपासून 15 ऑक्टोबरपर्यंत इथे सुरमई धरायला आणि विकायला बंदी असते. आता कॅलेंडर काढा. ऑगस्टात श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दोन-चार दिवसांनी, नाहीतर त्याच्याही आधी, सुरमई बाजारात हजर. अधिक महिना आला की गाडं थोडं पुढेमागे होतं, पण माझी खात्री आहे की इथल्या मत्स्य मंत्रालयात कुठल्यातरी भिंतीला कालनिर्णय टांगलेलं आहे. महाराष्ट्रात मासेमारीची बंदी जून-जुलैची. म्हणजे ऐन मृगाच्या पावसात, वरण-भातावर काहीतरी तळलेलं हवंच अशा दिवसांत. असली व्यवस्था ज्यानं केली त्याला श्रावण पाळायचा नव्हता हे उघड आहे.

मैत्रिणीचं एकच दुःख आहे, तारल्यांचं. ह्या किनाऱ्यावर तारली अमाप. जाळी भरभरून येते, वाळूवर पसरून वाळवतात आणि ती सुकी तारली गुराढोरांना चारतात, उंटालाही. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. वैरण नाही, मासळी आहे, तर जनावरांनी तीच खायची. स्थानिक अन्न म्हणायचं तर ह्याहून स्थानिक काय असणार? पण पेडवे-तारल्यांच्या तिखल्यावर वाढलेल्या बाईला हे बघवत नाही. ‘मेल्या उंटाचं नशीब बघ,’ ती म्हणते.

भाजीची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा बातिनात हरितगृहातल्या काकडीशिवाय फारसं काही तग धरत नाही. पण दिवाळीच्या सुमाराला हवा फिरते आणि बर्क्याच्या रस्त्याला शेतांच्या फाटकांशी भाजीचे ढीग लागतात. तिथे आम्ही गेलो. लाल माठाच्या जुड्या होत्या, मुळांना ओली वाळू तशीच. दुधी, पडवळ, कोवळी भेंडी, मुळा. हे सगळं आपल्या ओळखीचं कसं, तर पिकवणारे हात चितगावचे. मालक ओमानी, जमीन ओमानी, पाणी ओमानी, पण काय पेरायचं ह्यात चितगावच्या माणसाचं मत वजनदार असतं, कारण संध्याकाळी त्यालाही तेच खायचं असतं. शेजारच्या टपरीवर मालाची विभागणी त्यानंच मला समजावली.

‘ये भेंडी ओमानी है?’

‘ओमानी है, आपा. मेरा हाथ का है.’

‘और ये शिमला मिर्च?’

‘ये ओमानी, वो हॉलंड.’

‘अच्छी कौनसी?’

त्यानं मनापासून विचार केला. ‘पकाना है तो ओमानी. फोटो निकालना है तो हॉलंड.’

त्याच्या टपरीमागची विहीर मात्र बघण्यासारखी नाही. भसाभस उपसा झाल्यामुळे बातिनाच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरलं आहे. किनाऱ्याजवळची कित्येक शेतं मचूळ पाण्यानं गेली. ऑक्टोबर 2021 मध्ये शाहीन चक्रीवादळ ह्याच पट्टीवर येऊन आदळलं, तेव्हा उरलीसुरली घडी विस्कटली. एवढं होऊनही माणसं माठ पेरतात. एक जुडी घ्यायला गेलेल्या आम्ही पिशव्या भरून परतलो, त्यात मात्र परोपकार नव्हता, माठ खरोखरच छान होता.

एक अडचण आहे. मवालेचा घाऊक भाजीबाजार जून 2024 च्या अखेरीस तिथून उचलून बर्क्याकडच्या खझाइनला नेला. बाजार टोलेजंग आहे, थंडगार आहे, ट्रकांना प्रशस्त आहे. पण मस्कतच्या गृहिणीला आता स्थानिक भाजीसाठी इतकी गाडी हाकावी लागते की शेवटी ओमानचं म्हणून जे सगळ्यात जास्त खपतं ते पेट्रोलच.

तरी माझं मत विचाराल तर आमचं खरं स्थानिक अन्नकारण बाजारात चालतच नाही, ते आमच्या इमारतीच्या मागच्या कंपाउंडमध्ये चालतं. तिथे एक कढीपत्त्याचं झाड आहे. कुण्या मल्याळी कुटुंबानं लावलेलं. ते कुटुंब केव्हाच कोट्टायमला परतलं, झाड राहिलं. भोवती वाळू आणि सिमेंट. पण चार मजल्यांच्या एसीचं पाणी ज्या नळीतून खाली पडतं, ती नळी वॉचमननं वळवून झाडाच्या बुंध्याशी सोडली आहे. मे-जूनमध्ये सगळी झाडं माना टाकतात तेव्हा ह्याला ऊत येतो, कारण तेव्हाच एसी रात्रंदिवस चालतात. ह्या झाडावर मल्याळ्यांचा वारसाहक्क आहे, तमिळांचा गरजेचा हक्क आहे, गुजराती म्हणतात ‘आम्हांला कढीपुरताच’, आणि आम्ही मराठी लोक कायदे करतो. शेंडा खुडायचा नाही. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही. घरात कार्य असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा चिवड्यासाठी अख्खी फांदी ओरबाडली, त्या गोष्टीला इतका काळ लोटला, तरी त्यांच्याकडचा चिवडा आम्ही अजून चव न घेता मोजतोच.

ह्याशिवाय गॅलऱ्यांमध्ये मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांत मेथी, पुदिना, कोथिंबीर. डिसेंबरात आमच्या इमारतीकडे खालून पाहिलं तर प्रत्येक मजल्यावर कुणीतरी पाठमोरं वाकलेलं असतं.

त्याच डिसेंबरात शेजारच्या वहिनींचे सासू-सासरे सांगलीहून आले. सासऱ्यांना सगळे अण्णाच म्हणतात. अण्णांची कृष्णाकाठी शेती, ऊस. मस्कतचे मॉल त्यांनी मुकाट पाहिले, पण निझव्याला नेलं आणि फलज दारिसच्या काठावर उभं केलं तेव्हा त्यांना कंठ फुटला. डोंगराच्या पोटातून आलेलं पाणी दगडी पाटानं वाहत होतं, स्वच्छ, पायाला गार, त्यात बोटाएवढे मासे. ओमानात असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहतात, त्यांतल्या पाचांना युनेस्कोनं 2006 मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतलं, दारिस त्यातला एक. हे मी सांगत होते, ते अण्णांच्या कानावरून गेलं.

‘मोटार किती एचपीची?’

मोटार नाही, म्हटलं. उतारानंच येतं.

‘मग लाईट?’

लाईट लागतच नाही.

अण्णांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. शेजारी डिशदाशा घातलेला एक म्हातारा बसला होता. इथल्या बऱ्याच जुन्या माणसांना हिंदी येतं, त्यालाही येत होतं. अण्णांनी थेट त्यालाच गाठलं. पाणी वाटतं कोण, पाळी कशी, मधेच कुणी दारं फोडलं तर काय? म्हातारा उत्तरं देत गेला. आधी पिण्याचं, मग मशिदीचं आणि न्हाणीघरांचं, मग खजुराच्या बागा. ज्याचा जेवढा वाटा तेवढा वेळ पाणी. वाटा विकता येतो, भाड्यानं देता येतो, काही वाटे लिलावात जातात आणि त्या पैशातून पाट दुरुस्त होतो. दिवसा खांबाच्या सावलीवरून वेळ मोजायचे.

‘आणि रात्री?’

‘तारा देखके. अभी घड़ी है.’

अण्णा खाली बसले, पाण्यात पाय सोडले. धुळ्या-नाशकाकडे पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धत होती, तिथेही असंच गावानं मिळून पाणी वाटायचं, असं मी पुरवलं. अण्णांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष आभाळाकडे होतं. ‘आमच्याकडं रातीच्या दोनला लाईट येती,’ ते म्हाताऱ्याला म्हणाले, ‘तवा उठून पाणी पाजायला जायचं. तारं आमी बी लई बघितल्यात. पन मोजायचं सुचलं न्हाई.’ म्हाताऱ्याला ह्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यानं थर्मासमधून अण्णांना कावा ओतला, पुढे खजुराची थाळी सरकवली. अण्णा दोन तास हलले नाहीत. एकाला अरबी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, हिंदी दोघांचंही बेताचं. विषय पाणी होता, त्यामुळे अडलं नाही.

परतीच्या वाटेवर जबल अख्दरचं डाळिंब घ्यायचं ठरलं. ते दोन हजार मीटर उंचीवर सैकच्या पठारावर पिकतं आणि वर जाणाऱ्या रस्त्याला बिरकत अल मौझला पोलिस चौकी आहे. फोर व्हील ड्राइव्ह असेल तरच पुढे सोडतात. आमची गाडी साधी. म्हणजे स्थानिक डाळिंब खायला चारही चाकं फिरवणारी गाडी लागते आणि सोलापूरचं डाळिंब समुद्र ओलांडून लिफ्टनं घरी येतं. हंगामही ऑक्टोबरलाच सरला होता, असं नंतर कळलं. सोलापूरची दोन किलो घेऊन आम्ही घरी आलो.

आंब्याचं विचारू नका. इथलाही आंबा असतो, मे-जूनमध्ये येतो, झाडं मूळची आपल्याकडूनच आलेली. आमच्यातल्या रत्नागिरीकरांनी तो एकदा चाखला, बराच वेळ दातातले धागे काढले आणि सांगितलं, ‘लोणच्याला बरा आहे.’ रत्नागिरीकराकडून परप्रांतीय आंब्याला ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळाल्याची नोंद नाही.

कांद्यानं मात्र एकदा सगळ्यांची परीक्षा घेतली होती. डिसेंबर 2023 मध्ये भारतानं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली. मधल्या काळात इथल्या मांडण्यांवर पाकिस्तान, तुर्कस्तान, चीन असे देशोदेशीचे कांदे येऊन बसले. आमचे निफाडचे एक स्नेही त्या मांडणीसमोर उभे राहून देशांच्या पाट्या वाचत राहायचे, घ्यायचे नाहीत. चिनी कांदा हातात तोलत एकदा म्हणाले, ‘हा चिरताना रडूच येत नाही हो.’ त्यांच्या बायकोनं भावाची पाटी दाखवली. मग आलं.

तर नेमाचा महिना असा चालला होता. पुण्याचं जोडपं वगळता बहुतेकांनी आठवड्याभरात चहा सुरू केला, मग पोळी, मग ‘भाजी ओमानी, बाकी सवलत’ अशी सोयीची आवृत्ती निघाली आणि ती टिकली. हल्ली गुरुवारी कुणीतरी एक जण बर्क्याला जातो आणि सगळ्यांची भाजी आणतो. त्या गाडीच्या डिकीवरून होणारे वाद हा वेगळा विषय आहे.

अण्णांबरोबर आलेल्या त्यांच्या मंडळींनी, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंनी, सुनेसाठी डिंकाचे लाडू आणले होते. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी स्वतःची शाल आणि अण्णांचा स्वेटर काढून ठेवला, लाडू ठेवले नाहीत. मी लाडू हातात घेतला, मोडला आणि आत भरड कुटलेली खारीक दिसली.

आता खारकेचं असं आहे की मी ती होताना बघितली होती. जुलैत शर्कियात, इब्रा-बिदियाच्या बाजूला, मबसली जातीचा पिवळाधमक खजूर पिकायच्या आधीच उतरवतात. तांब्याच्या मोठमोठ्या हंड्यांत पाणी उकळत असतं, त्यात तो सोडतात, शिजला की झाऱ्यांनी उपसून मोकळ्या माळावर पसरतात. अख्खा माळ पिवळा. मग उन्हात काही दिवसांत तो आक्रसतो, सुरकुततो, तांबूस होतो. ओमानी लोक ही खारीक स्वतः फारशी खात नाहीत. व्यापारी येतात, पोती भरतात आणि माल हिंदुस्तानात जातो. पूर्वी सूरच्या गलबतांतून जायचा, आता कंटेनरमधून. आपल्याकडे ती ओटीत पडते, बाळंतिणीच्या डब्यात पडते, थंडीत लाडवांत पडते. आमच्या हळदीकुंकवात मस्कतच्या बायका एकमेकींच्या ओटीत ती घालतात, हळकुंड-सुपारी-बदामाबरोबर, भारतातून मागवलेल्या पाकिटातली.

तेव्हा मला मोह आवरला नाही. मी सासूबाईंना सगळं सांगितलं. हंडे, माळ, ऊन, पोती. म्हटलं, आई, ही खारीक इथून दोन-तीन तासांवर पिकली असणार. ती मुंबईला गेली, तिथून सांगलीच्या बाजारात आली, तुम्ही ती फोडली, कुटली, तुपात परतली आणि शाल काढून ठेवून परत इथे घेऊन आलात. पुढच्या वेळी एवढं वजन कशाला आणता? खारीक इथेच घेऊ, तुम्ही फक्त लाडू वळा.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अण्णाही ऐकत होते.

‘असंल बाई,’ त्या म्हणाल्या. ‘पन इथल्या खारकेला आपल्या सांगलीच्या खारकंची चव न्हाई यायची.’